सुरगाठ

माझं काम गाठीचं.
सेलूच्या स्टेशन रोडला, मुंजाभाऊच्या हॉटेलात
शेवभाजीचा रस्सा पन्नीत ओतायचा, बोटभर जागा ठेवून,
तोंड धरून एक गिरकी,
पांढऱ्या दोऱ्याचे सात वेढे, निरगाठ,
आणि दातानं टुक.
हँडलला लटकवून माणूस वालूरपर्यंत जायचा
खड्ड्याखड्ड्यातून, थेंब सांडायचा नाही.
अकरा वर्षांत माझी एक गाठ सुटली नाही.
म्हणजे सोडली नाही कुणी.
कापायचे. सुरीनं, दातानं.
एकजण तर गाडीच्या किल्लीनं भोसकायचा.

मग घंटागाडी नवीन बोलायला लागली.
ओला कचरा, सुका कचरा, आणि पुढं:
पार्सलला पन्नी दिसली की पावती.
नगरपरिषदेचे खिल्लारे आले, चहा नको म्हणाले,
तिथंच मुंजाभाऊचा चेहरा उतरला.
गल्ल्यामागची पन्नी त्यांनी
आमच्याच कांद्याच्या काट्यावर तोलली.
साडेतीन किलो.
दोऱ्याचं रीळ हातात फिरवून बघितलं.
सुती आहे, म्हणाले, हे चालतं.

चालतं, पण बांधू काय?

किनवटहून पळसाचे द्रोण मागवले.
देखणे होते. रस्सा मात्र त्यातून
घरातली गोष्ट गल्लीत जावी तसा जायचा.
उसाच्या चिपाडाचे डबे आणले, नगाला सात रुपये.
ते रेल्वे गेटपर्यंत टिकायचे.
आणि गेट बंद असलं तर?
तलाठी आप्पा अर्ध्या वाटेतून परत आले,
पांढऱ्या पँटवर तर्रीचा सातबारा घेऊन.
"ह्याची नोंद कुठं करू, मुंजाभाऊ?"

शेवटी पाटीवर खडूनं लिहिलं:
घरून डबा आणा. पाच रुपये कमी.
त्याखाली दुसऱ्या दिवशी: झाकणासहित.

आले डबे.
मी कधी गिऱ्हाइकाला नाव विचारलं नव्हतं.
आता वाचायलो, टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. ज्ञानोबाच्या बारशास, मामाकडून.
शाहिस्ता, फक्त शाहिस्ता, आणि बाजूला एक चांदणी.
कै. चंद्रभागाबाई यांचे स्मरणार्थ,
कॉलेजातल्या पोरीच्या हातात,
अर्धी प्लेट, तिखट कमी.

एका मंगळवारी द्वारकाबाई ताठे रांगेत उभ्या.
पुढं मथुराबाई, त्यांचा डबा मी भरून ठेवलेला.
"बघू तो डबा."
"काय बघायचं त्यात?"
"नाव बघायचंय."
सौ. द्वारका, १९९८.
"खीर दिली होती ह्यात. तुमच्या सुमीच्या डोहाळजेवणाला.
सुमीचं पोरगं आता सातवीला हाय."
रांग गप्प. कढईसुद्धा.
मथुराबाईनं डबा असा फिरवला,
जणू नाव आत्ताच कुणी घालून गेलंय.
मग मला म्हणाल्या, "दुसरं भांडं दे बाबा एखादं.
भाजी त्यात ओत. सगळी नको,
दोन पळ्या ह्यात राहू दे.
रिकामा कसा देऊ?"
द्वारकाबाईनं डबा पदरानं पुसला, झाकण दाबलं,
आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,
"तेल लई सोडता तुम्ही."

रोज नऊच्या सुमारास एक पोरगं येतं.
डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं,
एका बाजूनं उचलतंच.
नावं दोन्हीवरची घासून गेलेली.
मी गल्ल्यामागून रीळ काढतो,
एक उभा वेढा, एक आडवा,
वर सुरगाठ.
पहिल्या दिवशी बोटं सवयीनं निरगाठीकडंच गेली,
परत उकलून बांधली.

सकाळी डबा येतो, घासलेला.
आत दोरा,
कुणीतरी बोटाभोवती गुंडाळून काढलेला,
अजून थोडा ओला.